दारासाठी खोली

मला भंगारशेठ हे नाव ज्या माणसाने दिलं, त्याच्याबद्दल मी चांगलं लिहायला बसलो आहे, हे माझं मलाच पटत नाही. माझा धंदा भंगाराचा नव्हता, आजही नाही. पाडलेल्या घरांची दारं, चौकटी, खिडक्या, तुळया मी विकत घेतो, तासून-घासून नीट करतो आणि विकतो. भंगार किलोवर जातं, दार नगावर जातं. हा फरक मी त्यांना कितीदा तरी समजावून सांगितला. ते शांतपणे ऐकून घ्यायचे आणि उठताना म्हणायचे, "बरं, येतो भंगारशेठ." गल्लीने ते उचललं, मग पोस्टमनने उचललं, आणि एका लग्नात माझ्या सख्ख्या सासऱ्यांच्या तोंडून ते निघालं. माणूस आता राहिला नाही. राग मात्र मी जपून ठेवला आहे.

ते रेल्वेतून रिटायर झालेले गार्ड. सगळं भुसावळ त्यांना गार्डसाहेब म्हणायचं. भुसावळात रिटायर झालेले गार्ड दर गल्लीत एखादा तरी सापडेल, पण आमच्या गार्डसाहेबांसारखा उलटा बसणारा दुसरा नव्हता. त्यांचं सगळं आयुष्य मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गेलेलं. त्या डब्याच्या मागच्या व्हरांड्यात बसून मागे पळणारे रूळ बघायची सवय अशी अंगात मुरली होती, की पुढे तोंड करून प्रवास केला की त्यांना मळमळायचं. टांग्यात ते कायम मागच्या बाजूला बसायचे, पाय खाली सोडून. टांगे कमी होऊन रिक्षा आल्या तेव्हा त्यांची फार पंचाईत झाली. रिक्षावाल्याशेजारी पाठमोरं बसून, मागच्या प्रवाशांच्या तोंडाकडे बघत ते स्टेशनापर्यंत जायचे. बायकांनी तक्रार केली, तेव्हा ते चालतच जाऊ लागले.

"ड्रायव्हरला येणारं गाव दिसतं," ते म्हणायचे, "गार्डला गेलेलं. येणारं गाव सगळेच बघतात. गेलेलं कोणीतरी बघायला नको?"

लग्नात ते स्टेजकडे पाठ करून बसायचे आणि पाहुण्यांकडे बघायचे. वरातीत सगळ्यांत मागे चालायचे. पुढे बँड, नाच, घोडा, आणि शेवटी एकटे गार्डसाहेब, खाली बघत. कोणाची चप्पल, कोणाचं पैंजण, कोणा म्हातारीची शाल, जे जे पडेल ते उचलत यायचे. आमच्या भागात लग्नाच्या दुसऱ्या दिवशी बायका आधी गार्डसाहेबांच्या घरी जायच्या आणि मग देवाला.

त्यांच्यापाशी एक काळी पत्र्याची पेटी होती. ड्यूटीवर गार्डाबरोबर असते तशी. रिटायर झाल्यावरही ती त्यांनी सोडली नाही. कुठेही जायचं तर पेटी खांद्यावर, आणि पोचल्यावर तिच्यावरच बसायचं. खुर्ची दिली तरी नको. आत झेंडे आणि कंदील असतील असं सगळ्यांना वाटायचं. मी एकदा आत पाहिलं. एक तांब्या, एक उशी, शेंगदाण्यांची पुडी आणि अर्धी वीट.

"ही वीट कशाला?" मी विचारलं.

"जमीन सगळीकडे सारखी नसते," ते म्हणाले, आणि पेटीच्या एका कोपऱ्याखाली ती वीट सरकवून बसले.

या माणसाने जन्मात घर बांधलं नाही. नोकरी रेल्वेच्या क्वार्टरमध्ये काढली आणि नंतर आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर दोन खोल्या भाड्याने घेऊन राहिले. पण गल्लीत कोणी विटा टाकल्या, वाळू टाकली, की पेटी खांद्यावर घेऊन न बोलावता हजर. जिथे खोली निघायची त्या जागेवर जायचे आणि उलटे, उभ्या घराकडे तोंड करून बसायचे. काय बांधणार हे ते कधी विचारायचे नाहीत. विचारायचे, "आता इथे काय आहे?"

एका कारकुनाला गच्चीवर भाडेकरूसाठी खोली काढायची होती. गार्डसाहेबांनी त्याला शिडी लावून भर वैशाखात दुपारी वर बसायला लावलं. स्वतः खाली सावलीत, पेटीवर. कारकून उतरला तो बोलण्याच्या स्थितीत नव्हता. ताक पाजल्यावर म्हणाला, "भाडेकरू भेटेल, पण शिव्या जन्मभर खाव्या लागतील." खोली राहूनच गेली. आमच्या भागातला गवंडी गार्डसाहेबांना समोर बघितलं की रस्ता बदलायचा.

मी मात्र ठरवलं होतं, की माझ्या खोलीत या माणसाला नाक खुपसू द्यायचं नाही.

माझी खोली म्हणजे साधी गोष्ट नव्हती. मी साक्रीकडचा. गाव डोंगराच्या अंगाला, शेती पावसावर. दोघा भावांना त्यात भागणार नाही म्हणून मी लहान वयात एका पिशवीनिशी भुसावळला आलो. हमाली केली, दारं वाहिली, मग दारं विकली. स्वतःच्या हिमतीवर छोटं घर घेतलं. पुढची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर, मागे अंगण. माय गावी मोठ्या भावाकडे. तिने माझ्याकडे यावं असं मला फार वाटायचं. गावच्या एका लग्नात मी तसं बोललो, तर मोठा भाऊ पंगतीत सगळ्यांसमोर आमच्या अहिराणीत म्हणाला, "मायले ठेवाले तुन्हा घरमा जागा तरी शे का? धंदा दारसना, आनि घर इतलंसं!" आणि बोटाच्या पेरावर अंगठा ठेवून किती ते दाखवलं. पंगत हसली. मी ताटावरून उठलो. मीही काही गोड बोललो नसेन, पण सुरुवात त्याने केली.

तेव्हापासून डोक्यात खोली. मागच्या अंगणात, मायसाठी. आणि योग असा, की त्याच दिवसांत जळगावला एक जुना बंगला पाडायला निघाला आणि तिथे मला एक दार दिसलं. अस्सल सागवान. दोन फळ्यांचं, पितळी कड्यांचं, चौकटीवर वेलबुट्टी. हात लावला तर थंड. मालकाने तोंडाला येईल तो भाव सांगितला. मी दोनदा उठून गेलो, एकदा तर एसटीत जाऊन बसलो. तो मागून पळत आला. तसा सौदा मला पुन्हा कधी जमला नाही. ते दार विकायचं नाही असं मी येतानाच, ट्रकमध्ये त्याच्या शेजारी बसून ठरवलं. हे दार मायच्या खोलीला. भाऊ येईल, दारासमोर उभा राहील, आणि मग बघू कोण हसतो.

दार आलं, विटा आल्या. आणि विटांच्या मागोमाग गार्डसाहेब आले.

अंगणात जिथे खोली निघायची होती तिथे त्यांनी पेटी ठेवली, वीट सरकवली, आणि घराकडे तोंड करून बसले.

"भंगारशेठ, आता इथे काय आहे?"

"काही नाही. मोकळी जागा आहे."

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "काही नाही कसं? कुरडया मी कुठे घालते? पापड कुठे वाळवते? खोली झाली की काय दारावर वाळत घालू?"

"तू आत हो," मी म्हणालो. ती आत गेली नाही.

गार्डसाहेबांनी तिच्याकडून एक उदबत्ती मागून घेतली. पुढचं दार उघडायला लावलं, मागचं उघडायला लावलं. मधल्या खोलीत उदबत्ती पेटवून धरली. दिवस कलला होता, पश्चिमेचा वारा सुटला होता. धूर जागचा हलला आणि सरळ रेषेत पुढच्या दारातून गल्लीत निघून गेला.

"तुमच्या घरात ही एकच गाडी वेळेवर धावते," ते म्हणाले. "तिच्याच लाइनीवर तुम्ही भिंत घालताय."

माझा पारा चढला. "आयुष्यात एकावर एक वीट रचली नाही, आणि मला शिकवता? माय माझी आहे, अंगण माझं आहे!"

"ते खरंच," ते म्हणाले. मग चौकटीला टेकवून ठेवलेल्या दाराकडे पाहिलं. "दार फार सुंदर आहे. खोली मायसाठी की या दारासाठी?"

मी काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या बाईने पोरांना आत घेतलं. गार्डसाहेब पेटीवर बसून शेंगदाणे खात राहिले. माझं संपल्यावर म्हणाले, "बांधू नका असं मी कुठे म्हणालो? आधी राहून बघा. पऱ्हाट्यांचा कूड घाला, तुमच्याकडचे जुने पत्रे वर टाका, हे दार उभं करा आणि मायला बोलवा. उन्हाळाभर."

कपाशीच्या वाळक्या काड्यांना आम्ही पऱ्हाट्या म्हणतो. त्या बांधून कूड केला की भिंतीसारखी भिंत होते, फक्त मोडता येते. कल्पना वाईट नव्हती, पण समोरच्याने सांगितलेला आकडा मी जसाच्या तसा कधी घेत नाही.

"आठ दिवस," मी म्हणालो.

"उन्हाळाभर."

"पंधरा दिवस. चहा माझा."

"चहा तर मी तसाही पितोच. उन्हाळाभर."

"गवंडी सांगून ठेवलाय. तो काय उन्हाळाभर माझ्या तोंडाकडे बघत बसेल?"

त्यांनी थोडा विचार केला. "बरं, दिवस मोजूच नका. माय ज्या दिवशी आपल्या तोंडाने म्हणेल, की इथे भिंत घाल, त्या दिवशी वीट लावा. उद्या म्हणाली तर उद्या."

मी लगेच हात पुढे केला. मला वाटलं, सौदा फुकटात पडला. माय ते दार बघेल आणि पाणी प्यायच्या आधी भिंत घाल म्हणेल.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया झाली आणि मी गावी जाऊन मायला घेऊन आलो. कूड तयार होता. वर पत्रे, पत्र्यांवर ओली पोती, आत खाट, माठ, देवाचा फोटो. आणि पुढे ते दार, चौकटीसकट, तेल लावून चकचकीत. मायने दारावरून हात फिरवला. "दार ते भारी शे," म्हणाली. मी गार्डसाहेबांकडे पाहिलं. ते गल्लीकडे बघत होते.

भिंतीचं काही ती बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी मी दुकानातून जेवायला आलो तर माय मधल्या खोलीत, बायकोबरोबर कुरडयांचा चीक ढवळत बसलेली. वारा बंद झाल्यामुळे खोलीची भट्टी झाली होती. दोघी घामाने निथळत होत्या. मी म्हणालो, "माय, तुन्ही खोली शे ना तठे?" ती म्हणाली, "शे ना. दार लावेल शे मी." जणू खोलीला जे पाहिजे ते तिने करून टाकलं होतं.

आणखी काही दिवस गेले. एका संध्याकाळी घरी आलो तर मायची खाट खोलीत नाही. पुढे गल्लीत आवाज. आमचा पुढचा ओटा अरुंद, त्यावर खाट मावत नाही. माझ्याच विटा उचलून मायने दोन पाय ओट्यावर आणि दोन विटांवर अशी खाट टेकवली होती, आणि वर बसून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होती, की तो कोणाचा कोण.

मी भडकलो. "माय, इतली खोली करी तुन्हासाठे, आनि तू रस्तावर?"

माय माझ्याहून मोठ्याने ओरडली. हा स्वभाव माझ्याकडे कुठून आला ते गल्लीला त्या दिवशी कळलं. "मी काय बाळतीन शे का, माले तठे कोंडी ठेवाले? तठे भिताडच दिसस! आठे येनारा-जानारा दिसतस!"

समोर गार्डसाहेब पेटीवर बसले होते. तोंड अर्थातच खाटेकडे, पाठ रस्त्याकडे. मग माझी तोफ तिकडे वळली. "हे तुमचं काम! तुम्हीच तिचं डोकं फिरवलं!"

"मी एक अक्षर बोललो नाही," ते म्हणाले. आणि हे खरं होतं. मायनेच नंतर सांगितलं. तो माणूस रोज नुसता येऊन बसायचा, आणि त्याच्या मागून कोण येतंय ते तिला त्याला सांगावं लागायचं. माणूस पुढे गेला, की तिच्या वर्णनावरून कोण होतं, कोणाचं पोर, कुठे निघालं, हे गार्डसाहेब तिला सांगायचे. तिला येणारा दिसायचा, त्यांना त्याचं मागचं माहीत असायचं. दोघांत मिळून सगळी गल्ली पुरी व्हायची. तिची अहिराणी त्यांना अर्धी कळायची, त्यांचे रेल्वेचे शब्द तिला अजिबात नाही. तरी दोघांचं दिवेलागणीपर्यंत चालायचं.

मी वाट बघितली. वळवाचे ढग येईपर्यंत बघितली. एखादा शब्द निघावा म्हणून मी आडून आडून बोलायचो. "माय, कूड आते मोडाले येई ना?" ती म्हणायची, "मोडू दे ना." सौदा माझ्या हाताने झाला होता, मागे फिरायची सोय नव्हती.

शेवटी एका सकाळी मी स्वतः कूड मोडला. कोणाला सांगितलं नाही, बोलावलं नाही. पऱ्हाट्या चुलीला गेल्या. दोन्ही दारांतून वारा एकदम घरात घुसला आणि बायकोच्या हातातली कागदाची पुडी उडाली. ती हसली. ती हसल्याचा मला आणखी राग आला.

विटा पडून होत्या, गवंडी ताटकळला होता. गार्डसाहेब आले, पेटी ठेवून बसायला निघाले. मी म्हणालो, "आता विचारू नका. इथे काय आहे ते मला माहीत आहे." ते पहिल्यांदाच पेटी उचलून बाजूला झाले. गवंड्याला मी सांगितलं, ओटा पुढे घे, खाट मावेल असा, वर पत्र्याची पडवी काढ. गवंडी म्हणाला, "आणि खोली?" मी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने लगेच दोरी लावली.

राहिलं दार. ते मी विकणार होतो, गिऱ्हाईकही आलं होतं, चांगलं गिऱ्हाईक. पण मायने ते ओट्यावर आडवं करून ठेवलेलं, खाली विटांचे दोन थर, आणि वर ती लसूण सोलत बसलेली. "थंड लागस," म्हणाली. पितळी कड्या तिने खालच्या बाजूला केल्या होत्या, बोचू नयेत म्हणून. दाराच्या धंद्यात मी उभं आयुष्य घातलं. तसल्या सागवानावर कोणी लसूण सोललेला मी पाहिला नाही. गिऱ्हाईकाला मी म्हणालो, "विकायचं नाही." त्याने भाव वाढवला. मी त्याच्यावरच ओरडलो.

पेरणीच्या तोंडावर मोठा भाऊ मायला न्यायला आला. आल्या आल्या घरात गेला, सरळ मागे अंगणात. तिथे कुरडया. परत पुढे आला.

"खोली कोठे शे? बठ्ठा गावले सांगेल व्हतं ना तू, मायसाठे खोली बांधस म्हनीसन?"

मी बोलणार, तोच माय म्हणाली, "खोली माले नही जोयजे. मीच नही म्हनं. बठ आठे."

भाऊ सागवानी दारावर बसला. कशावर बसला आहे याचा त्याला पत्ताही नव्हता. हाच तो क्षण, ज्यासाठी मी ते दार आणलं होतं, आणि भावाच्या बुडाखाली होतं ते. मला सांगता येईना.

"माय, चाल घर. पेरनी जोडे उनी."

"पेरनी तुम्ही करतस का मी?" माय म्हणाली. तिची नजर गल्लीकडे होती. "जाय तू. माले आठे बरं शे." आणि लगेच गार्डसाहेबांना म्हणाली, "साहेब, तो टोपीवाला येस शे, तो पोस्टवाला."

भाऊ जेवला आणि एकटा गेला. पुढे माय माझ्याकडेच राहिली. थंडीत आणि पावसात पुढच्या खोलीत, बाकी सगळा काळ ओट्यावर. सुखात राहिली. नातवंडं तिच्या अंगावर लोळायची, गल्लीतल्या बायका निवडायला तांदूळ घेऊन तिच्याकडे यायच्या, आणि ती रागवायची तेव्हा कोपऱ्यापर्यंत ऐकू यायचं.

पण भावाने गावात काय सांगितलं? सांगितलं, की भुसावळच्या शेठने मायसाठी खोली बांधली नाही, मायला रस्त्याच्या कडेला ओट्यावर ठेवलंय. यातला एकही शब्द खोटा नाही, हीच तर चीड. मी जीव तोडून सांगायला जावं तर काय सांगू? उदबत्तीचा धूर सांगू? आजही गावी गेलो की कोणी तरी म्हातारा विचारतोच, "तुन्ही माय ओटावर ऱ्हाये ना?"

हे मी गार्डसाहेबांना बोलून दाखवलं. चांगलं तासभर बोलून दाखवलं. सगळं तुमच्यामुळे झालं, तुम्ही मागे वळून बघायला लावलंत म्हणून, नाहीतर आज गावात माझ्या खोलीचं नाव असतं.

ते नेहमीसारखे पेटीवर, पाठ रस्त्याकडे. समोर त्या आडव्या दारावर माय बसल्या बसल्या डुलकी घेत होती. मागच्या दाराने आलेला वारा तिच्या पदराला हलवून पुढे जात होता.

"गाडी गेल्यावर फाटकावरचे लोक काय बोलतात, ते ड्रायव्हरला कधी ऐकू येत नाही," ते म्हणाले. "गार्डला येतं. मी जन्मभर ऐकलं. पण गाडी पोचली का नाही?"

मी मायकडे बघत होतो. मग लक्षात आलं, की मीसुद्धा रस्त्याकडे पाठ करून बसलो आहे.

गार्डसाहेबांनी पेटी खांद्यावर घेतली, अर्धी वीट मात्र तिथेच राहिली. मी ती उचलून त्यांच्या हातात दिली.

"येतो भंगारशेठ," ते म्हणाले.

"दारं!" मी मागून ओरडलो. "दारं विकतो मी!"

माय दचकून जागी झाली आणि मला शिव्या देऊ लागली.